लाकडी शिडाच्या जहाजाचं किट बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किटच्या खोक्यात नेमकं काय असतं?

बहुतेक किट एकाच पद्धतीची असतात. जहाजाच्या उभ्या छेदाच्या आकाराचा प्लायवूडचा एक लांब तुकडा असतो, तो खोटा कणा. त्याच्या खाचांत आडव्या छेदांचे तुकडे, म्हणजे बल्कहेड, अडकवायचे. हा सांगाडा तयार झाला की त्यावर लाकडी पट्ट्या, म्हणजे जहाजाच्या फळ्या, एकेक करून चिकटवायच्या. पट्ट्यांचे दोन थर असतील, तर पहिला साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या हलक्या लाकडाचा, लाइमवूड किंवा बासवूडचा असतो. दुसरा अर्धा ते एक मिलिमीटरचा, अक्रोडासारख्या दिसायला देखण्या लाकडाचा. याशिवाय डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, निरनिराळ्या जाडीचे दोरे, कप्प्या, धातूच्या तोफा-नांगर, नकाशे आणि सूचनापुस्तिका असते.

जहाजाचं अंग भरीव लाकडातून तयार घडवून देणारी किटही मिळतात. त्यांत फळ्यांचं काम जवळजवळ नसतं. खऱ्या जहाजासारख्या एकेक बरगड्या जोडत जायची किटही असतात, पण ती अनुभव आल्यावर घ्यावीत.

पहिलं जहाज कोणतं घ्यावं?

या प्रश्नावर जितकं थांबाल तितकं पुढचं काम वाचेल. बहुतेकांच्या मनात पहिलं नाव येतं ते ‘व्हिक्टरी’चं. १७६५ साली पाण्यात उतरलेली, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं निशाण मिरवलेली ही युद्धनौका आजही पोर्ट्‌समथला पाहता येते, त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. पण तिच्या मॉडेलवर शंभराहून जास्त तोफा, तीन डोलकाठ्या आणि दोरांचं जंगल आहे. प्रत्येक तोफेचं झाकण, प्रत्येक दोराची गाठ तुम्हाला तितक्या वेळा करायची आहे. पहिल्याच कामात इतकी पुनरावृत्ती आली की हात तयार होण्याआधी मन थकतं.

पहिल्यांदा एक डोलकाठीचं किंवा फार तर दोन डोलकाठ्यांचं जहाज घ्या: छोटी मासेमारी बोट, एका डोलकाठीचं कटर किंवा दोन डोलकाठ्यांची साधी स्कूनर. मॉडेल शिपवेज या कंपनीची नवशिक्यांसाठीची मालिका डोरीसारख्या उघड्या, शिडाच्या लहानशा बोटीपासून सुरू होते. हा क्रम मला फार योग्य वाटतो. डोरीत लपवायला जागाच नाही, आतून-बाहेरून सगळं दिसतं, त्यामुळे फळी कशी बसते हे तिथेच कळतं. ऑक्रे, आर्टेसानिया लातिना, अमाती, बिलिंग बोट्स यांच्याकडेही सोपी किट आहेत.

निवडताना नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, आकार जरूर बघा. पुढून फुगीर, गोल नाळ असलेल्या जहाजात फळ्यांना फार कमी अंतरात जास्त वळावं लागतं. निमुळत्या, धारदार नाळेचं जहाज नवशिक्याशी जास्त प्रेमानं वागतं.

१:४८, १:६४, १:७२ या आकड्यांचा अर्थ काय? कोणतं प्रमाण चांगलं?

१:६४ म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या जहाजावर ६४ मिलिमीटर. १:४८ म्हणजे एक फुटाला पाव इंच. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या नौदलासाठी जी अप्रतिम मॉडेल बनवली गेली, त्यांतली पुष्कळशी याच प्रमाणात आहेत. ग्रिनिचच्या संग्रहालयात आणि अॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीत ती आजही पाहायला मिळतात.

निर्णय जागेवरून घ्या. ‘व्हिक्टरी’चा तोफांचा डेक १८६ फुटांचा होता. १:७२ ला तोच सुमारे ७९ सेंटिमीटर होतो, आणि पुढचा बोस्प्रिट (नाळेवरून पुढे आलेला तिरका दांडा) व मागचा दांडा धरला की मॉडेल मीटरभराच्या पुढे जातं. १९२१ ची कॅनडाची मासेमारी स्कूनर ‘ब्लूनोज’ १४३ फूट लांब. १:६४ ला ती ६८ सेंटिमीटरच्या आसपास येते. खोक्यावर लांबीबरोबर उंचीही लिहिलेली असते, ती वाचायला लोक विसरतात. प्रमाण जितकं लहान तितकं काम सोपं हा समज मात्र चुकीचा आहे. १:१०० ला दोराची गाठ बांधणं १:४८ पेक्षा कितीतरी अवघड जातं.

हत्यारं कोणती लागतात?

कमी लागतात, पण चांगली लागतात. बदलत्या पात्यांची बारीक सुरी, पोलादी पट्टी, काटकोन, बारीक दात्यांची करवत, लहान कानशी, हातानं फिरवायचं छोटं गिरमिट आणि अर्धा ते एक मिलिमीटरची ड्रिल बिट्स, दोन चांगले चिमटे, कपडे वाळत घालायचे चिमटे भरपूर, आणि १२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर. छोटा रंधा मिळाला तर फळी निमुळती करणं सुखाचं होतं. पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पातं लाकूड कापत नाही, फाडतं, आणि बोटावर घसरतं तेही बोथटच.

पॉलिश पेपर हातात नुसता धरून घासू नका. सपाट ठोकळ्याला चिकटवून घासा, नाहीतर सपाट जागा गोल होतात.

अक्रोडासारख्या लाकडांची बारीक धूळ नाकाला आणि फुप्फुसांना त्रास देते. घासताना एन-९५ मास्क लावाच.

खोकं उघडल्यावर पहिलं काम काय?

नकाशा आणि सूचना शेवटच्या पानापर्यंत वाचा. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. पण विसाव्या पायरीला डोलकाठीचं भोक लागणार आहे हे तिसऱ्या पायरीला माहीत असावं. मग भागांची यादी लावून मोजा. लेझरनं कापलेले तुकडे पाटीतून सुटे करण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलनं नंबर घाला.

कणा किंचित वाकडा आहे. चालेल का?

चालणार नाही. कणा वाकडा असेल तर जहाज वाकडं होईल आणि नंतर कशानंही सरळ होणार नाही. प्लायवूड दोन्ही बाजूंनी ओलं करून सपाट काचेवर किंवा फरशीवर जड वजनाखाली दोन दिवस ठेवा. तरीही वाक उरला तर कंपनीकडे दुसरा तुकडा मागा. चांगल्या कंपन्या तो देतात. बल्कहेड चिकटवताना प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी काटकोन लावा. खाच सैल असेल तर कागदाची किंवा व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पाचर घाला, घट्ट असेल तर कानशीनं मोकळी करा. ठोकून बसवू नका.

सूचनांमध्ये ‘बल्कहेड घासून घ्या’ एवढंच लिहिलंय. म्हणजे किती घासायचं?

बहुतेक किटच्या पुस्तिका इथे एक ओळ लिहून पुढे जातात, आणि जहाज घडतं किंवा बिघडतं ते इथेच.

बल्कहेडची कड लेझरनं सरळ, काटकोनात कापलेली असते. पण फळी तिच्यावरून तिरकी जाते, विशेषतः नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे. कड तशीच ठेवली तर फळी फक्त एका टोकदार कोपऱ्यावर टेकते. डिंकाला पकड मिळत नाही आणि दिव्याच्या तिरक्या उजेडात प्रत्येक बल्कहेडपाशी उंचवटा दिसतो. म्हणून कडा अशा तिरक्या घासायच्या की फळी पूर्ण रुंदीनं टेकेल. नाळेकडच्या बल्कहेडची पुढची कड झिजते, मागच्या टोकाकडे मागची.

लेझरच्या जळलेल्या काळ्या कडेचा इथे उपयोग होतो. जिथे फळी पूर्ण टेकायला हवी तिथला काळा रंग जातो आणि दुसऱ्या कडेला काळी रेघ तशीच राहते. ती रेघ पुसली गेली तर बल्कहेडचा मूळ आकारच कमी झाला, असं समजायचं. तपासण्यासाठी एक लांब, लवचीक पट्टी तीन-चार बल्कहेडवरून आडवी धरा. ती कुठे उचलली जाते, कुठे खोल जाते, हे डोळ्याआधी बोटांना कळतं. खोल जागी व्हिनियरचा तुकडा चिकटवून भर घाला.

पहिल्या दोन-तीन बल्कहेडमध्ये आणि शेवटच्या दोनांमध्ये बाल्सासारख्या मऊ लाकडाचे ठोकळे भरावेत, किटमध्ये सांगितलं नसलं तरी. फळीला तिथे सगळ्यात जास्त वळण असतं आणि ठोकळ्यामुळे सलग आधार मिळतो.

मागच्या टोकाची आणखी एक गोष्ट. समजा खोटा कणा पाच मिलिमीटर जाड आहे, पहिला थर दीड आणि दुसरा अर्धा मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून तिथली जाडी नऊ मिलिमीटर होते, पण सुकाणू ज्यावर बसतं तो खांब पाचचाच आहे. म्हणून खोट्या कण्याची मागची कड आधीच घासून दोन-तीन मिलिमीटरवर आणायची, आणि तिथे पहिल्या थराच्या फळ्याही पातळ करायच्या. खऱ्या जहाजात पाणी सुकाणूकडे सुरळीत जावं म्हणून शेवट असाच निमुळता असे. मॉडेलमध्येही डोळा ते बरोबर ओळखतो.

फळ्या निमुळत्या का करायच्या? सरळ पट्ट्या का नाही चिकटवायच्या?

जहाजाचा घेर सगळीकडे सारखा नसतो म्हणून. मधल्या बल्कहेडवर कागदाची पट्टी गुंडाळून डेकपासून कण्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते १२० मिलिमीटर आलं. पट्टी पाच मिलिमीटर रुंद असेल तर तिथे २४ फळ्या लागतील. आता नाळेपाशी मोजा. तिथे अंतर ७२ मिलिमीटरच असेल, तर त्याच २४ फळ्या तेवढ्या जागेत बसायला हव्यात, म्हणजे प्रत्येक फळी पुढच्या टोकाला तीन मिलिमीटर हवी. न तासता पाच मिलिमीटरच्या पट्ट्या दामटल्या तर त्या एकमेकींवर चढतात, बाजूला वाकायला नकार देतात आणि शेवटी टोकदार फटी उरतात.

मागच्या बाजूला बहुधा उलट होतं: घेर वाढतो आणि फळ्या अपुऱ्या पडतात. तिथे दोन फळ्यांच्या मध्ये जादा तुकडा घालतात, त्याला स्टीलर म्हणतात. नाळेकडे फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी एकच पुढे न्यावी.

प्रत्येक बल्कहेडवर हे भाग पेन्सिलनं आखून घ्या. सुरुवात डेकच्या कडेपासून करा, आणि एक फळी डाव्या अंगाला लावली की एक उजव्या. एकाच बाजूनं पाच-सहा फळ्या लावल्या तर त्यांच्या ताणानं कणा पिळतो. कण्यालगतची पहिली फळी, गार्बोर्ड, नाळेवर फार वर चढू देऊ नका. ती वर चढली की वरच्या सगळ्यांची जागा खाते.

आणि हे सगळं पहिल्या थरावरच शिका, कारण तो पुढे झाकला जाणार आहे.

फळी वाकवताना तुटते. काय करू?

लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या घटकानं धरलेले असतात. उष्णतेनं तो मऊ होतो आणि थंड झाल्यावर नव्या आकारात घट्ट होतो. म्हणजे वाकवण्याचं खरं काम उष्णता करते, पाणी तिला मदत करतं. दीड मिलिमीटरची लाइमवूड पट्टी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, मग सोल्डरिंग आयर्नसारख्या गरम साधनावर हळूहळू दाबत वळवा. एका जागी थांबू नका, लाकूड जळतं. वळवल्यावर जहाजावर किंवा साच्यावर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या, आणि मगच डिंक लावा. ओली पट्टी चिकटवली तर वाळताना ती आकसते आणि फटी पडतात. पट्टीच्या रेषा कडेला तिरक्या बाहेर पडत असतील तर ती त्या जागी तुटणारच. अशा पट्ट्या सरळ भागासाठी बाजूला ठेवा.

पट्टी रुंदीच्या दिशेनं वळवणं फार कठीण असतं. थोडं वळण उष्णतेनं येतं. जास्त हवं असेल तर रुंद तुकड्यातून वळणदार फळी कापून घ्यावी लागते.

डिंक कोणता?

लाकडाला लाकूड जोडायला साधा पांढरा किंवा पिवळा पीव्हीए. तो तुम्हाला जागा हलवायला वेळ देतो आणि चूक झाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सुटतो. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा, एखादं टोक लगेच धरून ठेवायला चांगला. पण तो लाकडात मुरला की तिथे पॉलिश शिरत नाही आणि डाग कायम राहतो. दिसणाऱ्या दुसऱ्या थरावर तो वापरायचाच असेल तर टाचणीच्या टोकानं वापरा. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. धातू लाकडाला जोडायला इपॉक्सी.

पहिल्या थरात फटी राहिल्या. सगळं काढावं का?

नाही. लाकडाचा भुसा आणि पीव्हीए यांची पुट्टी करून भरा, वाळल्यावर सपाट घासा. आकार सुरेख असेल तर फटींनी काही बिघडत नाही. उंचवटे मात्र दुसऱ्या थरातूनही दिसतात, त्यामुळे घासण्यात कंजूषी नको. जहाज हातात घेऊन डोळे मिटून तळवा फिरवा, राहिलेला उंचवटा लागतोच.

डेकवर फळ्यांमधली काळी रेघ कशी आणतात?

खऱ्या डेकच्या सांध्यांत तागाचे धागे आणि डांबर ठासलेलं असे, म्हणून ती रेघ. मॉडेलमध्ये पट्टीच्या एका कडेला मऊ पेन्सिल ओढली की पुरे. मार्कर वापरू नका, त्याची शाई पॉलिशबरोबर पसरते.

फळ्यांची लांबी मात्र विचार करून ठरवा. वीस ते पंचवीस फुटांची डेकची फळी १:६४ ला साधारण ९५ ते १२० मिलिमीटर येते. नाळेपासून मागपर्यंत एकच लांब पट्टी टाकली तर डेक खोटा वाटतो, कारण तेवढं लाकूड कुठल्याच गोदीत नव्हतं. इंग्लिश पद्धतीत डेकखालच्या एकाच आडव्या तुळईवर (बीमवर) दोन सांधे आले तर त्यांच्या मध्ये किमान तीन सलग फळ्या असत.

तांब्याचे पत्रे लावावेत का?

तुमच्या जहाजाच्या काळावर आहे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून बचावासाठी ब्रिटिश नौदलानं १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजावर तांबं लावून पाहिलं आणि १७७९ नंतर ते सर्रास केलं. सतराव्या शतकातल्या जहाजावर तांबं दिसलं तर जाणकार लगेच ओळखेल. खरा पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद असे, म्हणजे १:६४ ला १९ × ५.६ मिलिमीटर. मागच्या टोकापासून नाळेकडे लावत या, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाण्याच्या ओघात कड उचलली जात नाही. काही किटमधल्या पत्र्यांवर खिळ्यांचे फोड इतके मोठे असतात की खऱ्या जहाजावर ते लिंबाएवढे झाले असते. त्यापेक्षा सपाट पत्रे चांगले.

रंग की नुसतं लाकूड?

दोन्ही परंपरा जुन्या आहेत. रंगवायचं असेल तर खोक्यावरच्या चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वीडनची युद्धनौका ‘वासा’ १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात बुडाली, १९६१ मध्ये वर काढली गेली. तिच्या कोरीव कामाची पार्श्वभूमी आधी निळी समजली जात होती, पुढे तपासणीत ती लाल ठरली. ‘व्हिक्टरी’चा पिवळाही रंगाच्या थरांच्या अभ्यासानंतर २०१५ मध्ये बदलून फिका केला गेला. रंग पातळ करून तीन-चार हात द्या. नुसतं लाकूड ठेवायचं असेल तर मॅट पॉलिश. चकचकीत पॉलिशमुळे प्रमाणाचा भास मोडतो.

डोलकाठ्या निमुळत्या कशा करायच्या?

गोल काठी ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरनं घासता येते, पण लांब काठी थरथरते. चौकोनी काठी घेऊन आधी चारही बाजू निमुळत्या करा, मग कोपरे कापून आठ बाजू, मग सोळा, मग गोल. खरे डोलकाठी-सुतारही असंच करत. बसवताना नकाशातला मागचा कल तपासा, सगळ्या डोलकाठ्यांचा कल सारखा नसतो.

दोरांचं काम बघूनच भीती वाटते. कुठून सुरू करू?

दोर दोन जातींचे. डोलकाठीला धरून ठेवणारे, कायम ताणलेले, डांबर लावलेले म्हणून काळपट, आणि शिडं व परबाण (शीड ज्याला बांधतात ती आडवी काठी) हलवणारे, फिक्या रंगाचे. पहिले आधी, दुसरे नंतर. खालून वर आणि मधून बाहेर या क्रमानं जा, म्हणजे हात आत घालायला जागा राहते. शक्य ती प्रत्येक कप्पी परबाणावर आणि डोलकाठीवर टेबलावरच बांधून घ्या.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे श्राउड जोडीनं बसतात: आधी उजव्या अंगाची पुढची जोडी, मग डाव्या अंगाची, असं आलटून पालटून. त्यांच्या खाली तीन भोकांच्या गोल चकत्या, डेडआय, असतात. वरच्या चकतीचं एकटं भोक वर आणि खालच्या चकतीचं खाली ठेवायचं. दोन्हींमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं, त्यासाठी तारेचा आकडा वाकवून माप करून घ्या.

श्राउडवर आडव्या बांधलेल्या रॅटलाइन म्हणजे खलाशांची शिडी. दोन पायऱ्यांत तेरा ते पंधरा इंच, म्हणजे १:६४ ला पाच ते सहा मिलिमीटर. मागे रेघा मारलेला कागद लावा आणि मधल्या प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच नावाची गाठ बांधा. गाठ ओढू नका, नुसती बसवा. ओढली की श्राउड आत खेचले जाऊन कमरेत आवळल्यासारखे दिसतात. गाठ पक्की करायला पातळ पीव्हीएचा थेंब पुरतो.

जाडी तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या तक्त्यांत दोराचा घेर दिलेला असतो, व्यास नाही. आठ इंची दोर म्हणजे अडीच इंच व्यासाचा, १:६४ ला एक मिलिमीटर. हे न कळल्यानं कितीतरी मॉडेलांवर तिपटीनं जाड दोर दिसतात.

शिडं लावावीत का?

मला शिडांशिवायचं जहाज आवडतं. कापड कितीही तलम घेतलं तरी त्या प्रमाणात जाडच राहतं आणि मेहनतीनं बांधलेले दोर झाकून टाकतं. लावायचीच असतील तर गुंडाळून परबाणाला बांधलेली शिडं छान दिसतात. त्यासाठी शीड खऱ्यापेक्षा बरंच कमी उंचीचं कापा, नाहीतर गुंडाळी फुगते.

किती वेळ लागतो?

छोट्या बोटीला काही आठवडे. दोन डोलकाठ्यांच्या जहाजाला काहीशे तास. मोठ्या युद्धनौकेला हजार तासांच्या पुढे, म्हणजे फावल्या वेळात काही वर्षं.

एखादा भाग तुटला किंवा हरवला तर?

पट्ट्या आणि काठ्या सुट्या मिळतात. छोटे भाग उरलेल्या लाकडातून करता येतात, आणि ते किटमधल्या भागापेक्षा सरस होतात असा अनुभव बहुतेकांना येतो. म्हणून लाकडाचा एकही तुकडा काम संपेपर्यंत टाकू नका.

तयार जहाज ठेवायचं कसं?

काचेच्या पेटीत. दोरांवरची धूळ ब्रशनं काढता काढता दोर तुटतात, त्यापेक्षा ती बसूच न देणं बरं. थेट ऊन नको, त्यानं लाकूड आणि रंग दोन्ही विटतात. हवेतला ओलावा बदलला की दोर ताणतात-सैलावतात, म्हणून एकसारख्या हवेची जागा निवडा. पेटी पूर्ण हवाबंद करू नका. लाकडातून आणि एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीतून) हळूहळू आम्लाची वाफ निघते, आणि शिशाच्या तोफा-नांगरांवर पांढरी भुकटी धरून ते झिजतात. पेटीच्या तळाला जाळी लावलेली दोन-चार भोकं ठेवली की हवा खेळती राहते. किटमधले धातूचे भाग शिशाचे असतील तर पितळी किंवा लाकडी भाग घेऊन बसवणं उत्तम, आणि तो बदल दोर बांधण्याआधीच करावा.